खडूस आजोबांची सव्वाशे वर्षं

२३ डिसेंबर १९७० रोजी ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर ४३ वर्षांचे होते. म्हणजे डॉ. श्रीराम लागू होते. कान-नाक-घशाचे हे शल्यविशारद वर्षभरापूर्वीच भरभराटीचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले होते आणि आल्या आल्या त्यांनी अंगावर घेतला तो एक थकलेला, चिडका, स्वतःच्याच आठवणींच्या नशेत बोलणारा म्हातारा. पुढे ही भूमिका दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांच्याकडे गेली. प्रेक्षागृहात खरे पेन्शनर डोळे पुसत होते आणि रंगमंचावर चाळिशीतले गृहस्थ केसांना पांढरा रंग लावून त्यांना रडवत होते.

मराठी साहित्य-रंगभूमीवरच्या तिरसट म्हाताऱ्याचा माग काढताना ही गंमत वारंवार समोर येते. त्याला घडवणारे बहुतेक लोक म्हातारे नव्हते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९६५ साली. तेव्हा ते पंचेचाळिशीच्या आसपास होते, आणि त्यातला अंतू बर्वा त्याआधीच लिहून झाला होता. जयवंत दळवींनी ‘संध्याछाया’मधले नाना-नानी लिहिले ते पन्नाशीच्या आत. अपवाद ‘नटसम्राट’च्या नाटककाराचा. वि. वा. शिरवाडकर १९७० साली अठ्ठावन्न वर्षांचे होते, सरकारी नोकरीत असते तर त्याच वर्षी निरोपाचा नारळ मिळाला असता.

त्याआधी मात्र म्हातारा असा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला भुजंगनाथ पैसेवाला आहे, बोहल्यावर चढायला उतावीळ आहे आणि नातीच्या वयाच्या मुलीचा बाप त्याला मुलगी द्यायला तयार आहे. प्रेक्षक त्याला खदखदून हसले. पण भुजंगनाथ कुरकुर करत नाही. करील कशाला? तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला आहे. त्याच्या मनाविरुद्ध घरात पान हलत नाही, मग ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणायची वेळ त्याच्यावर येणारच कशी? शेवटी त्याचं लग्न मोडायला वधूवर सगोत्र निघावे लागतात. तिरसटपणा ही अधिकार गेल्यानंतरची अवस्था आहे. जमीनजुमला हाती असलेला म्हातारा हुकूम सोडतो. पेन्शनवर असलेला टोमणा मारतो.

विसाव्या शतकात शिकलेला मराठी माणूस वतनावरून पगारावर आला आणि पगारावरून पेन्शनीत निघू लागला. एक तारीख ठरली, की त्या संध्याकाळी साहेब नुसता माणूस होऊन घरी येणार. केंद्र सरकारने निवृत्तीचं वय १९६२ साली ५५ वरून ५८ केलं आणि १९९८ साली ६०. माणसं जगू मात्र लागली त्याहून बरीच जास्त. हातात सकाळचा पेपर, खिशात फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी आणि पुढे मोकळी पडलेली वीस वर्षं. कुरकुरीला इतकी सुपीक जमीन आधीच्या कोणत्याही पिढीला मिळालेली नव्हती.

अंतू बर्व्याकडे तर पेन्शनचाही मोठा थाट नाही. रत्नागिरीतली आळी, खाजऱ्या अळवासारखी माणसं, आणि तोंडात सुपारीसोबत कातरलेलं जग. पु.लं.नी त्याच्या तोंडी जे घातलं आहे त्याची लय अशी, की कोणतीही मोठी गोष्ट त्याच्या अंगणात आली की टीचभर होऊन जाते. गांधीजी सगळा देश फिरले पण रत्नागिरीकडे फिरकले नाहीत, याचं त्याच्याकडे कारण तयार आहे: जिथे सगळेच पंचा नेसतात आणि सगळेच अर्धपोटी, तिथे पंचा आणि उपास यांचं कौतुक कोण करणार? विनोद इतका पक्का बसला आहे, की वाचणाऱ्याच्या मनात शंकाही येत नाही. वास्तविक गांधीजी १९२७ साली रत्नागिरीला येऊन गेले होते आणि तिथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांना भेटलेही होते. अंतूशेठला हे कोणी सांगितलं असतं तर त्याने माहिती देणाऱ्यालाच पुढची दोन वर्षं पुरेल असं नाव ठेवलं असतं. खडूस म्हाताऱ्याशी पुराव्यानिशी वाद घालायचा नसतो.

‘व्यक्ती आणि वल्ली’तच हरितात्याही आहेत, आणि ते अंतूचे अगदी उलटे. शिवकाल त्यांना कालच्या बाजारासारखा ताजा आठवतो, त्यांच्या स्मरणरंजनात कडवटपणाचा थेंब नाही. मुलं त्यांच्याभोवती गोळा होतात. अंतूभोवती त्याच्यासारखेच बाकीचे वार्धक्यग्रस्त. दोघांचं साम्य एकच, ऐकणारं कोणीतरी समोर आहे. अंतूच्या घरात बायको नाही, मुलगा मुंबईत, दारिद्र्य असं की विजेचा दिवा आला तर तेच उजेडात दिसणार. हे सगळं शेवटी शेवटी, जणू चुकून, बाहेर पडतं. तोवर तो हसवत राहतो, कारण ओटीवर चार माणसं बसलेली आहेत.

‘नटसम्राट’मध्ये ती चार माणसं उठून जातात. अप्पा बेलवलकर मूळचा तिरसट नव्हे, रंगेल आहे. नातीशी दंगा करणारा, जुन्या भूमिकांचे तुकडे भरल्या ताटावर म्हणणारा. पहिल्या अंकात तो लोकांना हसवतो. पैसाअडका मुलांत वाटून टाकल्यावर तेच बोलणं घरात नकोसं होतं. हजारो डोकी ज्याच्यासाठी टाळ्या पिटत होती, त्याला दिवाणखान्यात हळू बोलायला सांगतात. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी या नाटकाचं नातं सगळेच सांगतात, पण लिअरचं राज्य गेलं होतं, अप्पाचं थिएटर गेलं. मराठी मध्यमवर्गाला दुसरं दुःख जास्त कळलं, हे त्या नाटकाच्या इतक्या पिढ्या टिकलेल्या लोकप्रियतेवरून दिसतं. गाजलेली स्वगतं बाजूला ठेवून नाटक पुन्हा वाचलं, तर जास्त बोचतं ते सुनेच्या बाजूचंही थोडं खरं असणं. घरात चोवीस तास नट सांभाळणं सोपं नाही.

दळवींनी ‘संध्याछाया’त आणखी एक पाऊल टाकलं. तिथे भांडायलाही मुलं घरात नाहीत, थोरला अमेरिकेत, धाकटा हवाई दलात. विजया मेहता आणि माधव वाटवे यांनी उभे केलेले नाना-नानी दाराशी आलेल्या कोणालाही बसवून घ्यायला धडपडतात. नानांची कुरकुर ऐकायला नानी आणि नानींची ऐकायला नाना, एवढाच व्यवहार उरतो. परदेशी मुलाचं पत्र, हवाई टपालाच्या पाकिटावरचं तिकीट, फोनची घंटा हे सत्तरच्या दशकात दादर-पार्ल्याच्या शेकडो घरांत नव्याने आलेले होते. नाटककाराने ते फार लवकर हेरलं.

नाटकात म्हातारे खचत असताना दिल्लीत मात्र एक पेन्शनर कोर्टात जाऊन बसला होता. संरक्षण मंत्रालयातून १९७२ साली निवृत्त झालेले डी. एस. नकारा. सरकारने पेन्शनचं वाढीव सूत्र लागू केलं, पण ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. आधीच्यांनी काय पाप केलं, असा त्यांचा सवाल. कुरकुर नेमकी असली की तिला कलम सापडतं. इथे ते चौदावं होतं, समानतेचं. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारांच्या बाजूने निकाल दिला, न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिलेल्या निकालपत्रात पेन्शन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, असं स्पष्ट केलं. तेव्हापासून १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात. डॉ. लागू २०१९ साली गेले तेही १७ डिसेंबरलाच. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधायचं कारण नाही. पण कट्ट्यावर कोणीतरी तो शोधलेला असणारच.

नव्वदच्या दशकात म्हाताऱ्यांना हसायला लावायची मोहीम निघाली. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतल्या एका बागेत पाच माणसं जमवून पहिला हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगून हसत. पंधरवड्यात विनोद संपले, उरले ते बोचरे आणि पांचट. म्हणून मग कारणाशिवाय हसायचं ठरलं. आज मराठी शहरांतल्या बागांतून सकाळी सहाला हात वर करून हा हा हा करणारे आजोबा दिसतात. तेच आजोबा साडेसातला बाकावर बसले, की महापालिका, सून आणि दुधाची पिशवी यांचा समाचार घेतात. दोन्हींनी फुप्फुसं मोकळी होत असावीत.

दिलीप प्रभावळकरांचं नाव या सगळ्यात सर्वांत लांब पुरलं आहे. ‘हसवाफसवी’ नाटकात त्यांनी ज्या सहा भूमिका केल्या, त्यातला कृष्णराव हेरंबकर हा संगीत नाटकाच्या जमान्यातला जख्ख नट. लकबी हास्यास्पद, आवाज गेलेला, आणि तरीही प्रेक्षक त्याला हसता हसता गप्प होत. मग २००१ साली अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली. मूळ सामग्री त्यांच्याच ‘अनुदिनी’ या ‘लोकसत्ता’तल्या सदराची, दिग्दर्शन केदार शिंदेंचं. आबा टिपरे मुलगा, सून, नातू, नात यांच्यासोबत एकाच छपराखाली राहतात आणि जे खटकतं ते डायरीत लिहितात. म्हाताऱ्याच्या इतिहासात ही मोठीच तडजोड म्हणायची. अंतू ओटीवर बोलत होता, अप्पा ओरडत होता, आबांनी तक्रार वहीत उतरवली आणि घरची शांतता राखली. मालिका घराघरांत चालली ती म्हणूनच; तीन पिढ्या एकाच सोफ्यावर बसून ती बघू शकत होत्या. खऱ्या खडूस प्रेक्षकांना आबा जरा जास्तच गोड वाटले असतील, तर त्यांनाही दोष देता येत नाही. तेव्हा प्रभावळकर ५७ वर्षांचे होते.

दरम्यान वय आणि भूमिका यांच्यातलं अंतर मिटत चाललं होतं. रवी पटवर्धन यांनी रत्नाकर मतकरींच्या ‘आरण्यक’मध्ये तरुणपणी धृतराष्ट्र केला होता, आणि ऐंशी ओलांडल्यावर नाटक पुन्हा उभं राहिलं तेव्हाही धृतराष्ट्र तेच. त्यानंतर ‘अग्गंबाई सासूबाई’ मालिकेतल्या आजोबांच्या रूपाने ते रोज रात्री घरोघरी डाफरू लागले. पांढऱ्या रंगाची गरज आता नव्हती. ‘नटसम्राट’चा चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी झळकला, तो दिवस अप्पा झालेल्या नाना पाटेकरांच्या पासष्टाव्या वाढदिवसाचा. त्याचे दिग्दर्शक महेश मांजरेकर यांनी आठ वर्षांनी ‘जुनं फर्निचर’मध्ये स्वतःच बापाची भूमिका केली. हा बाप रडत बसत नाही, उच्चपदस्थ मुलावर कोट्यवधींच्या भरपाईचा दावा ठोकतो. आईवडिलांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झालेला होताच. अप्पा बेलवलकरांच्या वेळी तो असता तर शिरवाडकरांना दुसरा अंक वेगळा लिहावा लागला असता. आणि २०२५ सालच्या ‘दशावतार’मध्ये ८१ वर्षांचे प्रभावळकर डोळे अधू झालेला, तरीही तोंडाला रंग लावणारा बाबुली मेस्त्री होऊन आले.

पडद्याबाहेरच्या खडूस आजोबांचं वृत्तपत्रांनी फार काळ नीट संगोपन केलं. ‘लोकसत्ता’चं ‘लोकमानस’, ‘महाराष्ट्र टाइम्स’चं ‘बहुतांची अंतरे’ यांतून शुद्धलेखनापासून पदपथापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांनी पोस्टकार्डं झिजवली. संपादकांच्या कात्रीतून जाताना राग चार ओळींत आटोपशीर व्हायचा, हा त्याचा फायदा. व्हॉट्सॲपवर कात्री नाही. शिवाय तक्रारीचे काही हुकमी विषयही हातचे गेले. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली, आणि २०१७ साली पुण्यात चितळ्यांनी दुपारी एक ते चार दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. त्यावर पुण्यातल्या काही ज्येष्ठांनी, दुपारची झोप आता दुकानदारालाही नको झाली, म्हणून नाक मुरडलं असणार.

नवा विषय मात्र सरकारच पुरवतं. रेल्वेत साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नपुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने ती थांबवली. साथ सरली, सवलत परतली नाही. ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभांत या एका मुद्द्यावर सर्व पक्षांचे लोक एक होतात. एसटीने उलट वाट धरली. पासष्टीपुढे अर्धं तिकीट होतंच, ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ पूर्ण केलेल्यांना प्रवास फुकट झाला. मार्च २०२३ मध्ये सर्व स्त्रियांना अर्धं तिकीट लागू झालं. परिणामी चौसष्ट वर्षांचे गृहस्थ सौभाग्यवतींबरोबर कुलदैवताला निघाले, की तिचं अर्धं आणि त्यांचं पूर्ण. वाहकाने यंत्रातून दोन तिकिटं फाडून हातात दिली, की पुढच्या थांब्यापर्यंत त्यांना बोलायला विषय मिळतो, आणि शेजारच्या बाकावरचे पंच्याहत्तरीचे फुकटे आजोबा वळून विचारतात, जन्मसाल काय म्हणालात?