मक्याच्या कणसापासून लेखणी : रेझिन आणि कातकाम

लाकूड कातून वस्तू घडविणाऱ्या कारागिरास मराठीत कातारी म्हणतात. लाटणे असो वा भोवरा, त्यासाठी घेतलेला ठोकळा घट्ट व एकसंध असावा, ही त्याची पहिली अपेक्षा असते. दाणे काढलेले मक्याचे कणीस या कसोटीस मुळीच उतरत नाही. त्याचा गाभा भेंडासारखा मऊ, त्याभोवतीचे कडे लाकडासारखे कठीण आणि बाहेर दाण्यांच्या रिकाम्या खोबणी असतात. लेथवर हत्यार लागताच ते विस्कटते. परंतु याच खोबणींत रंगीत रेझिन भरून ते कातले, तर मधाच्या पोळ्यासारखी सुरेख नक्षी उमटते. अशा ठोकळ्यापासून लेखणीचे दांडे बनविले जातात.

या कामाचे यश ओतण्यापेक्षा वाळविण्यावर अधिक अवलंबून असते. उन्हात वाळलेले कणीस हातास कोरडे लागले, तरी त्याच्या आत ओलावा असतो. पॉलियुरेथेन रेझिनमधील आयसोसायनेटशी पाण्याचा संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि रेझिन फेसाळते. म्हणून कणीस सुमारे १०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत ठेवून ठरावीक वेळाने तोलावे. वजन घटणे थांबले, म्हणजे ते वाळले असे समजावे. नंतर ते हवाबंद पिशवीतच थंड करावे. उघडे ठेवल्यास ते हवेतील दमटपणा पुन्हा शोषून घेते.

साचा पॉलिथिलीनचा असावा, कारण त्यास रेझिन चिकटत नाही. कणीस हलके असल्याने रेझिनवर तरंगते. यास्तव ते तळाशी पक्के बसवावे लागते. रेझिनचे दोन्ही घटक उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच मोजून घ्यावेत. प्रमाण चुकल्यास ठोकळा चिकट राहतो. पॉलियुरेथेन काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते, त्यामुळे सर्व तयारी आधीच करून ठेवावी.

ओतल्यावर साचा दाबपात्रात ठेवून दर चौरस इंचास ४० ते ६० पौंड दाब देतात. या दाबाने हवेचे बुडबुडे नाहीसे होत नाहीत. ते आकुंचन पावून दिसेनासे होतात. म्हणून रेझिन पूर्ण घट्ट होईपर्यंत दाब कायम ठेवावा लागतो. स्वयंपाकघरातील कुकर सुमारे १५ पौंड दाबासाठी बनविलेला असतो. तो येथे वापरणे म्हणजे प्राणघातक अपघातास आमंत्रण होय.

घट्ट झालेल्या ठोकळ्यास मधोमध भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवितात. मऊ गाभा बहुतांशी या भोकाबरोबरच निघून जातो. पुढे धारदार हत्याराने हलके हलके कातून, पॉलिश कागदाने घासून चकाकी आणतात. द्रव रेझिनच्या स्पर्शाने त्वचेस व त्याच्या वाफेने श्वसनास कायमची ॲलर्जी जडू शकते, तर कातताना उडणारी धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. हातमोजे, मास्क, चेहऱ्यावरील ढाल आणि खेळती हवा यांवाचून हे काम करू नये. विद्यार्थ्यांनी तर ते शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे.

कणसात राहिलेला ओलावा ओतण्यापूर्वी डोळ्यांस दिसत नाही. तो दिसतो ठोकळा फोडल्यावर, आणि तोवर श्रम व रेझिन दोन्ही वाया गेलेले असतात. म्हणूनच या कामातील पहिले साधन लेथ नसून वजनकाटा आहे, हे शिकणाऱ्याने ध्यानी ठेवावे.