सगळ्यांना बीपीची एकच गोळी कशी?

सातारा जिल्ह्यातल्या गावाहून आई जयपूरच्या विद्याधर नगरात आमच्याकडे राहायला आली, की तिच्या पिशवीत बीपीचं कार्ड आणि गोळ्यांची पाकिटं असतात. शेजारच्या भाभींनी एकदा ते कार्ड पाहून विचारलं, की गावातल्या सगळ्यांना हीच गोळी मिळते, तर तिथले डॉक्टर माणूस तपासतात की नाही? हा गैरसमज मी इथल्या मराठी घरांतही ऐकलाय: ठरलेली उपचारपद्धती म्हणजे डॉक्टरांचे हात बांधणं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. बहुतेक ठिकाणी उपचार अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने सुरू होतो. बीपी १४०/९० च्या खाली आलं नाही, तर डोस किंवा औषध कसं वाढवायचं, याच्या पायऱ्या लिहून दिलेल्या असतात. माणूस बघणं मात्र सुटत नाही. बाई गरोदर असेल तर टेल्मिसार्टन हे बीपीचं औषध चालत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. आणि मोजकीच औषधं ठरली, की महिन्याला किती गोळ्या लागतील हे आरोग्य केंद्राला आधीच कळतं, कपाट रिकामं राहत नाही. राजस्थानात सरकारी दवाखान्यांतून २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषधं मिळतात, तीही ठरलेल्या यादीतूनच.

दुसरा गैरसमज मला जास्त घातक वाटतो. बीपी मोजण्यात काय शिकायचं, असं लोक म्हणतात. पट्टा गुंडाळला, आकडा आला, झालं! खरं तर मार्गदर्शक सूचना सगळ्यात जास्त मोडली जाते ती इथेच. आधी अर्धा तास चहा-विडी नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड हृदयाच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर. जिने चढून आलेल्या माणसाला स्टुलावर बसवून, त्याच्याशी बोलत बोलत, बाहीवरूनच पट्टा बांधला, तर आकडा फुगतो आणि औषध नाहक वाढतं. गर्दीच्या ओपीडीत ही पाच मिनिटं कुठून आणायची, हा प्रश्न खराच आहे. म्हणूनच त्या उपक्रमात मोजणं, नोंद ठेवणं, न आलेल्याला फोन करणं ही कामं परिचारिकांनीही वाटून घेतली. नुसतं पुस्तक छापून ती झाली नसती.

राहिला ‘बीपी नॉर्मल आलं, गोळी बंद’ हा समज. नॉर्मल आलं ते गोळीमुळेच. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून सावकाश उतरतं, त्यामुळे बंद केल्यावर लगेच काही जाणवत नाही, आणि माणूस फसतो.

आईला एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि कार्डावर पुढची तारीख पडते. जयपूरला उतरल्या दिवशीच ती कार्ड माझ्या हातात देते आणि सांगते, “या तारखेच्या आतलं परतीचं तिकीट काढ.”