गाय गाभडली? बाजारात नेण्याआधी रक्त तपासा

महाळुंगे पडवळ : सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली की आपण म्हणतो, ‘मार लागला असेल.’ पण ती ब्रुसेलोसिसची, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची खूण असू शकते. वार अडकते ती पण त्याचीच खूण. नुसतं बघून रोग ठरत नाही, रक्त तपासावं लागतं. डॉक्टरांमार्फत नमुना पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतो.

रोग निघाला की मालक म्हणतो, ‘डॉक्टर, बोलू नका. बेल्ह्याच्या बाजारात काढून टाकतो.’ गाय महागाची, नुकसान मोठं, हे खरं. पण डॉक्टरांनी गप्प बसणं चूकच. २००९ च्या केंद्राच्या कायद्यानं असं जनावर जाणूनबुजून बाजारात आणायला मनाई आहे, रोग कळवणंही बंधनकारक आहे. शिवाय हा रोग माणसालाही होतो. ताप येत-जात राहतो, सांधे धरतात. घेणारा आपल्यासारखाच शेतकरी असतो.

म्हणून गाय वेगळी बांधा. पडलेला गाभ, वार उघड्या हातानं धरू नका. चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. दूध उकळूनच प्या. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीला लस द्या, ती आयुष्यात एकदाच असते.