मोजल्या जातात भेटी, मोजायला हव्यात रात्री
मुक्काम आणि माणसं : लेखांक ६

शनिवारी सकाळी विठ्ठलवाडी स्थानकात कर्जत लोकल येते, तेव्हा फलाटावर रोजचे नोकरदार कमी आणि पाठीवर सॅक अडकवलेली तरुण मंडळी जास्त दिसतात. सोबत लहान मुलांना घेऊन निघालेली कुटुंबं असतात. कुणी बदलापूरला उतरून कोंडेश्वर गाठणार असतं, कुणी नेरळहून माथेरान, तर कुणी कर्जतच्या आसपासचं फार्महाऊस. डबा एक, तिकीट जवळपास सारखं. पण पर्यटनाच्या हिशेबात हे प्रवासी दोन वेगळ्या रकान्यांत जातात. संध्याकाळी घरी परतणारा तो दिवसाचा प्रवासी. आपल्या नेहमीच्या वास्तव्याबाहेर निदान एक रात्र काढणारा तो पर्यटक. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनं ठरवलेली ही सीमारेषा जगभरात मानली जाते.

मागच्या लेखात स्टेशनांभोवती वाढलेल्या लॉजांचा विचार केला. या वेळी प्रश्न आहे तो आकड्यांचा. देशभर पाहुणे किती येतात, किती रात्री राहतात आणि त्यातून यजमान गावाच्या हाती काय लागतं?

मुक्कामाचा हिशेब चार गोष्टींवर उभा असतो. किती पाहुणे आले, त्यांनी मिळून किती रात्री काढल्या, एका पाहुण्याचा सरासरी मुक्काम किती आणि उपलब्ध खोल्यांपैकी किती भरल्या. यांतली दुसरी गोष्ट, म्हणजे पाहुणे-रात्री, सर्वांत बोलकी. शंभर जण एकेक रात्र राहिले किंवा पन्नास जण दोन-दोन रात्री राहिले, तरी पाहुणे-रात्री शंभरच. पण दुसऱ्या प्रकारात चादरी निम्म्या वेळा धुवाव्या लागतात, रस्त्यावर गाड्या निम्म्या येतात आणि पाहुण्याला गावात फिरायला, बाजारात खरेदी करायला एक अख्खा दिवस मिळतो.

कर्जत-नेरळ पट्ट्यातलं एखादं पाच खोल्यांचं घर उदाहरणादाखल घेऊ. तीस दिवसांच्या महिन्यात त्याच्याकडे विकायला दीडशे खोली-रात्री असतात. पाहुणे फक्त शुक्रवारी आणि शनिवारी आले, तर महिन्याच्या आठ रात्री भरतात, म्हणजे चाळीस खोली-रात्री. दीडशेतल्या चाळीस म्हणजे २७ टक्के. उरलेल्या ११० खोली-रात्री रिकाम्या जातात, पण राखणदाराचा पगार, विजेचा स्थिर आकार, बँकेचा हप्ता चालूच राहतो. वीकेंडचा दर ऐकून पाहुणे चमकतात, त्यामागचं कारण बहुतांशी इथं आहे. शनिवारची खोली रविवार ते गुरुवारच्या रिकाम्या खोलीचाही खर्च भरून काढत असते. हेच पाहुणे रविवारची रात्रही राहिले, तर चाळिसाच्या साठ खोली-रात्री होतात आणि भरणा ४० टक्क्यांवर जातो. एकही नवा पाहुणा न येता.

पाहुणा रात्र राहील की नाही, हे बरंचसं त्या ठिकाणावरच ठरतं. माळशेज घाटातले धबधबे दिवसा पाहायचे असतात. कल्याण-मुरबाडमार्गे सकाळी निघालेली गाडी अंधार पडायच्या आत माघारी वळते. घाटाला गर्दी, धूर आणि कचरा मिळतो. पावसाळ्यात धबधब्यांवर अपघात होऊ लागले की जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं आणि त्या दिवसाची कमाईही थांबते.

माथेरानची गोष्ट वेगळी. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हे ठिकाण शोधलं, १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकारानं नेरळहून छोटी रेल्वे वर पोचली. आजही खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाहीत. पायी किंवा घोड्यावरून फिरायचं म्हटल्यावर गावाला वेळ द्यावाच लागतो. २०१९ च्या पावसानं नेरळ ते अमन लॉज हा रेल्वेमार्ग उखडला आणि ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाली. मात्र माथेरानच्या गर्दीचा अंदाज मुख्यतः दस्तुरीवर भरल्या जाणाऱ्या प्रवासी करावरून बांधला जातो. त्यातून आत किती जण आले ते समजतं. त्यांतले किती जण रात्री थांबले, ते त्या पावतीवरून समजत नाही.

देशाच्या पातळीवरही अडचण याच स्वरूपाची आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या आकडेवारीत देशांतर्गत पर्यटकांच्या भेटी २०१९ मध्ये सुमारे २३२ कोटी होत्या. करोनाच्या पहिल्या वर्षी, २०२० मध्ये, त्या ६१ कोटींवर आल्या. २०२२ मध्ये १७३ कोटी आणि २०२३ मध्ये सुमारे २५१ कोटी, म्हणजे करोनापूर्व पातळीच्याही वर. परदेशी पाहुण्यांचं सावरणं मात्र संथ राहिलं. २०१९ मधल्या १ कोटी ९ लाखांच्या तुलनेत २०२३ मध्ये ते सुमारे ९५ लाख होते. करोनानंतर भारतातल्या खोल्या भरल्या त्या देशातल्याच माणसांनी, हे या आकड्यांवरून स्वच्छ दिसतं.

पण २५१ कोटी भेटी म्हणजे २५१ कोटी माणसं नव्हेत, हेही ध्यानात ठेवायला हवं. हे आकडे राज्यांकडून येतात आणि त्यांचा एक मोठा आधार असतो हॉटेलं व निवासस्थानांनी द्यायची मासिक माहिती. एकच कुटुंब एका सहलीत तीन राज्यांत उतरलं, तर त्याची नोंद तीनदा होते. उलट ज्या घरगुती निवासाची सरकारदरबारी नोंदच नाही, तिथं चार दिवस राहिलेला पाहुणा या गणतीतून निसटू शकतो. एकीकडे दुबार मोजणी, दुसरीकडे मोजणीच नाही.

मोजणीबाहेर राहणारा सर्वांत मोठा मुक्काम विठ्ठलवाडीला चांगला परिचयाचा आहे. गणपती जवळ आले की एसटीच्या विठ्ठलवाडी आगारातून कोकणात जादा गाड्या सुटतात. कल्याण पूर्व, उल्हासनगर, डोंबिवलीतले चाकरमानी पाच-सात दिवसांसाठी गावच्या घरी जातात. हा मोठा, लांब मुक्काम आहे, पण खोलीचं भाडं नाही, बिल नाही, रजिस्टर नाही. हा मुक्काम पकडायचा तर घरोघरी जाऊन विचारावं लागतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७२ व्या फेरीत, जुलै २०१४ ते जून २०१५ या काळात, तसं विचारलं गेलं. रात्रीच्या मुक्कामासह केलेल्या प्रवासांमागे नातेवाइकांना भेटणं, लग्नकार्यं अशी सामाजिक कारणंच सर्वांत जास्त होती. त्यानंतर दशकभरानं, जुलै २०२५ पासून, देशांतर्गत पर्यटन खर्चाची नवी पाहणी हाती घेण्यात आली. दोन पाहण्यांमधल्या दहा वर्षांत मोबाइलवरून खोली ठरवण्याची सवय खेडोपाडी पोचली.

या दहा वर्षांतला मोठा बदल म्हणजे घरांचं निवासस्थान होणं. कोकणात 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' ही पाटी जुनी आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मालवण, तारकर्ली, देवबागच्या घरांतून पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. कल्याणहून तिकडे जायचं तर प्रवासातच मोठा वेळ जातो, त्यामुळे दोन रात्रींपेक्षा कमी राहणं परवडत नाही. अंतरच मुक्काम लांबवतं.

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे याहून शिकण्यासारखं उदाहरण. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथं २००२ मध्ये सागरी कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडली जातात. दोन्ही वेळा पाहायच्या, तर रात्री गावातच राहावं लागतं. वेळासमध्ये बडी हॉटेलं नाहीत. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, ओटीवर झोपतात, घरचं जेवण जेवतात. ज्या किनाऱ्यावर पूर्वी अंडी चोरीला जात, तिथं कासव जगवण्यात गावाचा पैसा गुंतला. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला येणाऱ्यांचंही तसंच. काजवे अंधारात दिसतात, तेव्हा मुक्काम आलाच. धबधब्याला जे जमत नाही ते काजवा आणि कासव करून दाखवतात, कारण तिथं पाहण्यासारखं जे आहे ते रात्रीला धरून आहे आणि राहण्याची सोय गावाच्या हातात आहे.

राज्यानं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. निदान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात. केंद्राच्या न्याहारी व निवास योजनेत एक ते सहा खोल्या देता येतात, अट एवढीच की मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असावं. ही अट मोलाची आहे. जगातल्या अनेक शहरांत वाद पेटला तो याच मुद्द्यावर.

युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२० मध्ये चार मोठ्या ऑनलाइन बुकिंग कंपन्यांशी करार करून त्यांची माहिती मिळवायला सुरुवात केली. त्यानुसार या मंचांवरून ठरलेल्या पाहुणे-रात्री २०१९ मध्ये सुमारे ५१ कोटी, २०२० मध्ये २७ कोटी आणि २०२४ मध्ये ८५ कोटी होत्या. लोकांची घरं पर्यटकांकडे किती वेगानं वळली, हे मोजल्यामुळे कळलं, आणि कळल्यावर निर्णय घेता आले. न्यूयॉर्कनं सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीचा कडक नियम अमलात आणला. तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमान घरात हजर हवा आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनानं जून २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवले जातील, कारण स्थानिकांना भाड्यानं घर मिळेनासं झालं. वेळासच्या ओटीवर पाहुणा उतरतो तेव्हा घरातलं कुणी बेघर होत नाही. रिकामी सदनिका केवळ पर्यटकांसाठी राखली जाते, तेव्हा एका स्थानिक भाडेकरूची जागा जाते. आकडेवारीत हे दोन मुक्काम वेगळे दिसले पाहिजेत.

आपल्याकडे नोंदीचे नियम नाहीत असं नाही. १८६७ च्या सराय कायद्यातच सरायची नोंदणी सांगितली आहे. गोव्यात १९८२ च्या कायद्यानं निवासस्थानांना पर्यटन खात्याकडे नोंदणी बंधनकारक आहे. परदेशी पाहुणा उतरला, तर २४ तासांत त्याची माहिती कळवावी लागते. केंद्राची 'निधी' ही निवासस्थानांची ऑनलाइन नोंदवही २०२० पासून आहे. कराचं म्हणाल तर, सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. वर्षाला वीस लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या घरगुती यजमानाला स्वतः जीएसटी नोंदणीची गरज नसते. ऑनलाइन मंचावरून झालेल्या अशा बुकिंगचा कर तो मंचच भरतो. म्हणजे नोंदणी केली की कराचा डोंगर कोसळेल, ही छोट्या यजमानांची भीती बरीचशी अनाठायी आहे.

नोंद नसली की नुकसान मात्र यजमानाचंच होतं. गावात महिन्याला किती रात्री मुक्काम होतो याचा आकडा नसेल, तर पाणीपुरवठा, कचऱ्याची गाडी, संध्याकाळची जादा एसटी यांपैकी काहीही कागदोपत्री मागता येत नाही. कर्जत, मुरबाड, मालवण इथल्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपरिषदांनी दर महिन्याच्या पाहुणे-रात्री गोळा करून फलकावर लावाव्यात. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही, प्रत्येक घरातलं एक रजिस्टर पुरतं. आणि वाचकांनी पुढच्या सहलीत तीन गोष्टी कराव्यात : नोंदणी असलेलं घर निवडावं, रजिस्टरमध्ये नाव लिहून बिल मागून घ्यावं, आणि सुट्टी जुळत असेल तर रविवारची रात्रही तिथंच काढावी.

(पुढील लेखांकात : आषाढीच्या दिवसांत पंढरपूरची घरं आणि मठ वारकऱ्यांची सोय कशी लावतात.)