पत्रिकेवरचा शिक्का

दिवाळी तोंडावर आली की आमच्या मांजर्लीत तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या लग्नपत्रिका येऊ लागतात. परवा अशीच ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हाती आली आणि मला सालाझारच्या अमलातला गोवा आठवला. तेथे हा एवढासा कागदही छापण्यापूर्वी सरकारी सेन्सॉरला दाखवावा लागे!

सालाझार १९३२ साली पोर्तुगालचा पंतप्रधान झाला. मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. मुसोलिनीप्रमाणे सज्जात उभे राहून गर्जना करण्याची त्याला हौस नव्हती. पण जरब तीच. सभेला परवानगी, वृत्तपत्राला परवानगी, पत्रिकेलाही परवानगी. आता लग्नपत्रिकेत राजद्रोह तो काय असणार? परंतु मुलीच्या लग्नासाठीसुद्धा ज्याला साहेबापुढे हात जोडावे लागतात, तो मोठ्या गोष्टीसाठी मान वर करायला धजत नाही. हुकूमशाही टिकते ती या सवयीवर.

म्हणूनच १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बंदी मोडून बोलायला उभे राहिले, त्याचे मोल मोठे. त्यांना अटक झाली. पण लोकांची भीड चेपली. पुढे अनेकांनी याची किंमत मोजली. मोहन रानडे यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तरी पोर्तुगालच्या तुरुंगातून ते सुटले १९६९ साली!

पत्रिका मी पुन्हा न्याहाळली. वर गणपती, खाली निमंत्रकांची नावे. शिक्का कोणाचाच नव्हता.