जानेवारी 2021 : ग्रुप हलवायची हाक

4 जानेवारी 2021 पासून व्हॉट्सॲपची नव्या गोपनीयता धोरणाची सूचना फोनवर झळकू लागली. 8 फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर खातं विसरा. खासगी मेसेज आम्हाला वाचता येत नाहीत, हा कंपनीचा खुलासा खरा होता, पण ‘मान्य करा, नाहीतर’ ही भाषा लोकांना झोंबली. इलॉन मस्क यांनी ‘सिग्नल वापरा’ म्हणताच सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर एवढी गर्दी झाली की पडताळणीचे कोड वेळेवर पोहोचेनात. टेलिग्रामने 72 तासांत अडीच कोटी नवे लोक आल्याचं जाहीर केलं.

बीड जिल्ह्यात तेव्हा ऐन गळीत हंगाम होता. केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासारची कितीतरी कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडात होती. मुकादमाचा निरोप, गावी आजीजवळ ठेवलेल्या लेकराची खुशाली, शाळा बंद असल्याने ग्रुपवर येणारा अभ्यास, सगळं त्याच एका ॲपवर. त्यात ग्रामपंचायतीचा प्रचार. आणि ज्यांच्या हाती जिओफोन होता त्यांनी जायचं कुठे? त्यावर 2018 पासून व्हॉट्सॲप चालत होतं, सिग्नल येतच नव्हतं. अशा माणसाला मागे ठेवून ग्रुप दुसऱ्या ॲपवर हलवणं म्हणजे त्याला गावाबाहेर काढणंच होतं.

15 जानेवारीला राज्यात ग्रामपंचायतींचं मतदान झालं. त्याच दिवशी सिग्नल काही काळ बंद पडलं आणि व्हॉट्सॲपने मुदत 15 मेपर्यंत वाढवली. राग तिथेच ओसरला.

टेलिग्रामवर टिकली ती स्पर्धा परीक्षेची पोरं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपला तेव्हा 256 जणांची मर्यादा होती, टेलिग्रामवर 2 लाख. नोट्सच्या जाडजूड पीडीएफ तिथे सहज मिळत. रागापेक्षा सोयीने झालेलं स्थलांतर टिकलं, असं माझं मत आहे.

पुढे 18 नोव्हेंबर 2024 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने याच धोरणावरून व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला 213.14 कोटींचा दंड केला. पण दंडाने ग्रुप मोकळा होत नाही. एका ॲपवरून दुसऱ्यावर निरोप जाऊ द्या, अशी सक्ती युरोपीय संघाने व्हॉट्सॲपवर कायद्याने केली आहे. आपल्याकडेही ती व्हायला हवी. फडातल्या माणसासाठी ही मागणी आपल्या खासदारांनी संसदेत मांडावी.