विघटनशील पिशवीची खरी परीक्षा पावसाळ्यात

झाशी व ललितपूर परिसरात मार्च-एप्रिलमध्ये हरभरा, वाटाणा आणि मसूर यांची मळणी आटोपते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तर जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते. याच काळात साठविलेल्या कडधान्यात भुंगेऱ्याच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढतात. महाराष्ट्रातील तूर व हरभरा उत्पादकांचा अनुभवही याहून वेगळा नाही. म्हणूनच प्लॅस्टिकला पर्याय म्हणून पुढे येत असलेल्या विघटनशील नॅनोसंमिश्र फिल्मबाबत 'ती मातीत कुजते का?' याबरोबरच 'ती किडीला रोखते का?' हा प्रश्नही विचारला पाहिजे.

स्टार्च, कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन किंवा पॉलिलॅक्टिक आम्ल यांत अतिसूक्ष्म कण मिसळून ही फिल्म तयार होते. त्यासाठी मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीतील खनिज बरेचदा वापरले जाते. बुंदेलखंडातील 'मार' जमीन आणि दख्खनची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते, ती याच गटातील खनिजांमुळे. त्याचे पापुद्रे सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे असतात. कौलांप्रमाणे एकमेकांवर पसरलेल्या या पापुद्र्यांमुळे ऑक्सिजनला फिल्ममधून वळसे घेत जावे लागते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कापसापासून नॅनोसेल्युलोज तयार करण्याचे तंत्र विकसित केले असून, तेही अशा फिल्मला बळकटी देऊ शकते.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने ऑक्सिजनचा हा अडथळा महत्त्वाचा आहे. भुंगेऱ्याची मादी शेंगांवर किंवा दाण्यांवर अंडी चिकटवते. अळी दाण्यात शिरून आतच वाढते. त्यामुळे वरून निरोगी दिसणाऱ्या धान्यासोबत कीड पिशवीत बंद होते. पिशवी खरोखर हवाबंद असेल, तर किडीच्या श्वसनानेच आतील ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडीची वाढ थांबते. बहुस्तरीय हवाबंद पिशव्यांचे यश याच तत्त्वावर आधारलेले आहे.

मात्र स्टार्च व कायटोसॅन ओलावा शोषतात. दमट हवेत फिल्म फुगते आणि तिची ऑक्सिजन रोखण्याची क्षमता घटते. म्हणजे एप्रिलमध्ये उत्तम ठरलेली पिशवी, किडीचा जोर असताना ऑगस्टमध्ये निकामी ठरू शकते. शिवाय दाणे पोखरणारे काही भुंगेरे पातळ पॉलिथिनही भेदतात. स्टार्च तर त्यांचे अन्नच आहे. उलट पॉलिलॅक्टिक आम्लाची फिल्म बांधावर टाकल्यास लवकर कुजत नाही. तिला औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातील सुमारे ५८ अंश तापमान लागते. अन्नाशी संपर्क येत असल्याने नॅनोकण धान्यात उतरत नाहीत ना, हेही तपासणे आवश्यक आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी अशा पिशवीची शिफारस करण्यापूर्वी पुढील बाबी पाहाव्यात : आयएस १७०८८ मानकानुसार प्रमाणपत्र, दमट हवेत मोजलेली ऑक्सिजन पारगम्यता आणि जिवंत किडीसह घेतलेली चाचणी. कोरडा उन्हाळा आणि ओला पावसाळा एकाच हंगामात अनुभवणारी झाशी अशा चाचणीसाठी योग्य ठिकाण आहे. राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठही तेथेच आहे.

तोवर शेतकऱ्यांनी कडधान्य ९ ते १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून, स्वच्छ करून हवाबंद साठवावे. पिशवी कोणतीही असो, ओले व किडके धान्य तिच्यात सुरक्षित राहत नाही.